पहिलं तोंड

एखादी बातमी सांगितली की माणसं साधारणपणे "काय सांगतेस!" म्हणतात. आमचे सर तसं कधीच म्हणाले नाहीत. परळला आग लागली म्हणून सांगा, दूध महागलं म्हणून सांगा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न जमलं म्हणून सांगा. ते चष्मा कपाळावर ढकलायचे आणि विचारायचे, "तुला हे कुणी सांगितलं?" आपण नाव घेतलं की लगेच पुढचा प्रश्न, "आणि त्याला कुणी सांगितलं?" मला दिवस गेल्याचं मी त्यांना सांगितलं तेव्हासुद्धा चष्मा कपाळावर गेलाच होता. मग बहुधा त्यांचं त्यांनाच उमगलं असावं. "डॉक्टरांनी ना?" एवढंच विचारून ते थांबले, आणि वर अभिनंदनही केलं.

माणूस पेशाने वार्ताहर. तरुणपणी गिरण्यांच्या बातम्या दिल्या, आणि गिरण्या गेल्यावर संगणकातल्या चोऱ्यांवर पुस्तकं लिहायला घेतली. हॅकिंग, खोटे फोन, चोरलेले पासवर्ड, रिकामी झालेली खाती, असले विषय. इंग्रजीत अशी पुस्तकं ढिगाने मिळतात. मराठीत हे कोण वाचणार, असं आमचे मालक दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी छापायचे. मालक म्हणजे ठाकूरद्वारच्या एका वाडीतल्या छोट्या छापखान्याचे मालक. तेच प्रकाशकही. मी तिथे संगणकावर अक्षरजुळणी करते. सरांची सगळी पुस्तकं माझ्या हातून गेली आहेत. मी त्यांना सर म्हणते. माझी आई मात्र त्यांना आजही 'पेपरवाले' म्हणते, कारण तिने त्यांना मी छापखान्यात लागण्याच्या खूप आधी, आमच्या उंबरठ्यावर बसलेलं पाहिलं होतं.

ते गिरणी संपाचे दिवस होते. मी शाळकरी पोर. वडील गिरणीच्या साचेखात्यात, मागावर, म्हणजे आता घरात. घोडपदेवच्या आमच्या चाळीत दिवसाढवळ्या इतके पुरुष दिसायचे की आम्हा मुलांना आधी सुट्टीसारखंच वाटलं होतं. नंतर ते वाटणं गेलं. संपकऱ्यांच्या बायका घर कसं चालवतात यावर लिहायचं म्हणून हा किडकिडीत वार्ताहर एका शनिवारी आमच्याकडे आला आणि आईने पाट दिला तरी उंबरठ्यावरच टेकला. तेवढ्यात गॅलरीतून गलका आला. सोमवारी गिरणी उघडणार! पहिल्या दिवशी जे गेटवर हजर होतील त्यांनाच घेणार, बाकीच्यांची नावं कमी! वडील ताडकन उठले. आईने फळीवरचा वडिलांचा जेवणाचा डबा काढला आणि चिंच लावून घासायला घेतला. मला तो घासण्याचा आवाज अजून आठवतो, इतक्या जोरात ती घासत होती.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" उंबरठ्यावरून प्रश्न आला.

वडील म्हणाले, "समोरच्या खोलीतल्यानं. का?"

"त्याला कुणी सांगितलं?"

त्याला खानावळीतल्या मावशींनी सांगितलं होतं. मावशींना सलूनवाल्याने. वडिलांना ह्या पोराचा राग आला असणार, पण ते त्याच्याबरोबर निघाले. आईच्या भाषेत सांगायचं तर "त्याका खोटो पाडूक" निघाले. रविवारी दोघं दिवसभर गिरणगावात उलटे चालले. ज्याने सांगितलं त्याच्याकडे, मग त्याला ज्याने सांगितलं त्याच्याकडे. लालबागच्या एका पानाच्या गादीपाशी ती माळ संपली. तिथे उभा असलेला माणूस कुठल्याच गिरणीतला नव्हता. ठिकठिकाणी उभं राहून एवढं एक वाक्य बोलायचं काम त्याला कुणीतरी दिलं होतं, आणि तो ते इमानेइतबारे करत होता. त्याला ते कुणी दिलं हे त्याने सांगितलं नाही, पण तिथेच उभं राहून "आपल्याला काय ठाव" म्हणताना त्याचा चेहरा उतरला होता, असं वडील सांगायचे. सरांचा शब्द त्या दिवसापासूनचा. अफवा जिथून निघते ते 'पहिलं तोंड'. ते शोधल्याशिवाय बातमी लिहायची नाही.

सोमवारी पेपरात आलं की गिरणी उघडणार नाही. ती उघडली नाहीच. वडिलांनी पेपर घडी करून ठेवला आणि पुन्हा आलेल्या वार्ताहराला म्हणाले, "बरं केलंस. उगाच गेटवर गेलो असतो आणि फूट पडली असती." मग जरा थांबून म्हणाले, "पण त्या शनिवारी मला झोप लागली होती रे. किती महिन्यांनी."

पुढे कितीतरी वर्षांनी, छापखान्यात माझ्यामागे स्टुलावर बसून सर मला म्हणाले होते, "मुली, सगळी विद्या मला तुझ्या वडिलांच्या त्या वाक्यानं शिकवली. खोटं दार फोडून येत नाही गं. आपण त्याचीच वाट बघत बसलेलो असतो, म्हणून आपणच कडी काढतो." हे वाक्य त्यांच्या प्रत्येक पुस्तकात कुठे ना कुठे आहे. मी दोनदा परस्पर गाळून पाहिलं. त्यांनी दोन्ही वेळा प्रुफात परत घातलं.

मी पन्नाशी ओलांडली तरी मी 'मुली'च. आणि संगणकाबद्दल एवढं लिहिणारा हा माणूस संगणकाला हात लावायचा नाही. सगळं शाईच्या पेनने. कागदही विकतचा नाही. आमच्याकडे लग्नपत्रिकांचे बिघडलेले ताव पडलेले असायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहायचे. त्यामुळे बँकांवरच्या हल्ल्यांचं प्रकरण टाइप करता करता पान उलटावं तर मागे 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. एकदा पानं उलटसुलट झाली आणि एका वधूपित्याचं नाव मी जवळजवळ गुन्हेगारांच्या टोळीत घालणार होते.

पासवर्डवरून तर त्यांनी मला सळो की पळो केलं. मी पासवर्ड ठेवला त्याच दिवशी माझ्या टेबलाकडे एक नजर टाकून म्हणाले, "मुलीचं नाव आणि पुढे तिचं जन्मसाल." खरंच होतं. मुलीचा फोटो काचेखाली ठेवला होता ना! "चाळीत खोलीची चावी कुठे ठेवतात? दाराच्या चौकटीवर. ती तिथे असते हे कुणाला माहीत असतं? सगळ्यांना. तुझा पासवर्ड चौकटीवर आहे," असं ते म्हणाले. मी बदलला. त्यांनी आठवड्याभरात तोही ओळखला. मी चिडून म्हटलं, "मग काय गणपती बाप्पा ठेवू?" तर म्हणाले, "नको. तो अर्ध्या लालबागचा आहे."

आणखी एक खोड म्हणजे वाढदिवस. मी एका वर्षी उन्हाळ्यात त्यांच्यासाठी श्रीखंड घेऊन गेले, तर मालक आश्चर्याने बघायला लागले, कारण त्यांनी त्याच वाढदिवसाचे पेढे दिवाळीच्या सुमारास वाटले होते. आमचा बाइंडर वरळी कोळीवाड्यातला. तो भर पावसाळ्यात डबाभर तळलेले बोंबील आणायचा आणि म्हणायचा, "सायबांचा बड्डे हाय." सर तिन्ही वेळेला मनापासून खायचे. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "जन्मतारीख ही किल्ली आहे. खरी कुणालाही द्यायची नाही. आणि प्रत्येकाला वेगळी दिली की उद्या कुठे बाहेर आली तर कुणाकडून फुटली ते कळतं." मी म्हटलं, "आणि वर्षातून तीनदा मेजवानी होते ती?" म्हणाले, "तो संशोधनाचा खर्च."

संशोधन म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्याला ते फसवणुकीचे फोन आले की आपण शिव्या घालून ठेवतो. ह्यांना आला की खुर्ची ओढून बसायचे. एकदा छापखान्यातच फोन वाजला. पलीकडे कोवळा आवाज, "सर, आप का कार्ड बंद होनेवाला है."

"होने दे बेटा," सर म्हणाले. "तूने खाना खाया क्या?"

पलीकडचा आवाज दबका झाला. मग, "नहीं सर. दो बजे ब्रेक है."

"डब्बे में क्या लायी?"

"सर, वो कार्ड का नंबर..."

"वो बाद में. डब्बे में क्या है?"

"भेंडी," ती म्हणाली, आणि कुणीतरी ओरडल्यासारखा आवाज येऊन फोन बंद झाला.

काही दिवसांनी तिने स्वतःच्या फोनवरून सरांना फोन केला. भेंडीबद्दल विचारणारं कुणी पहिल्यांदाच भेटलं होतं म्हणे. तिच्याकडून त्यांना सगळं कळलं. कसं घोकून घेतात, माणूस घाबरला की पुढचं वाक्य कुठलं, हाव सुटली की कुठलं. ते त्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. पण मला सांगायचंय ते पुढचं. सरांनी त्या मुलीला तिथून बाहेर काढलं. तिने पोलिसांत जबाब दिला, तेव्हा ते तिच्या शेजारी बसून राहिले. आता ती रे रोडजवळ एका लाकडाच्या वखारीच्या ऑफिसात काम करते, आणि खरेखुरे फोन उचलते. नवं पुस्तक आलं की न्यायला येते आणि सर नसले तर माझ्याजवळ डबा ठेवून जाते.

असा हा माणूस. त्याला कुणी फसवू शकणार नाही असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, आणि तीच आमची चूक झाली.

आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या बायांचं एक भजनी मंडळ आहे. सगळ्या गिरणी कामगारांच्या विधवा किंवा सुना. वडील गेल्यावर आईला त्या मंडळाने धरून ठेवलं. टाळांची पिशवी आमच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. ज्याच्या घरी टाळ त्याच्या घरचा शब्द मंडळात शेवटचा, असा तिथला अलिखित कायदा. ह्या सगळ्याजणींनी कामगारांच्या वारसांना घरं मिळणार म्हणून अर्ज भरलेले. कधीचे भरलेले! आई दर वेळी विचारायची, "काय गो, घराचां काय कळला?" आणि मी दर वेळी काहीतरी थातुरमातुर सांगायचे.

एके दिवशी मंडळाच्या ग्रुपवर आईकडून मेसेज आला. वारसांची अखेरची पडताळणी चालू आहे, खाली दाबा, नाव नोंदवा, नाही नोंदवलं तर हक्क जाईल. सोबत आईचा आवाज होता. तिला लिहिता येत नाही फारसं, पण बोलून पाठवता येतं. "बायांनो, ह्या खात्रीचां असा. जाणत्या माणसान धाडल्यान." बायांनी आपापल्या नातवंडांकडून, सुनांकडून ते दाबून घेतलं. संध्याकाळपर्यंत कुणाचे भिशीचे पैसे गेले, कुणाचे औषधाला ठेवलेले. आईचे गेले नाहीत. तिला ते दाबायला जमलं नव्हतं आणि ती मी येण्याची वाट बघत होती. माझं सासर लालबागला, मी रविवारी जाते.

मी गेले तोवर सगळं होऊन गेलं होतं. "हिनंच धाडलं, आणि हिचे कसे गेले नाहीत?" हे वाक्य गॅलरीत फिरत होतं. तोंडावर कुणी भांडलं नाही, ते झालं असतं तर बरं. एक बाई आत आली, न बोलता खिळ्यावरची टाळांची पिशवी काढली आणि घेऊन गेली. आई बघत राहिली. त्यानंतर तिने दार लोटून घ्यायला सुरुवात केली. आमच्या चाळीत दिवसा दार लोटणं म्हणजे घरात सुतक असल्यासारखं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, "आई, तुला कुणी पाठवला तो?" एकच उत्तर, "माका आठवत नाय."

मी सरांना सांगितलं. त्यांचं नवं पुस्तक तेव्हा छपाईला चढत होतं. ते सगळं टाकून घोडपदेवला आले, आणि संपाच्या वेळी चालले होते तसेच एकेका दारातून उलटे चालायला लागले. मी बरोबर होते. प्रत्येक दारात उत्तर एकच. हिने धाडला. शेवटी आमचंच दार राहिलं.

"वहिनी," सर म्हणाले, "तुम्हाला कुणी पाठवला?"

"आठवत नाय."

"फोन बघू तुमचा."

"बिघडलो असा."

तो फोन तिच्या मांडीवर होता आणि चांगला उजेड दाखवत होता. सर गोंधळले. आई खोटं बोलते आहे हे मलाही दिसत होतं आणि मला तिचा राग येत होता. एवढं झालं, वर लपवतेस कुणाला? त्या दिवसांत आपलं काय बोलणं झालं ते दाखवून तिला आठवण द्यावी म्हणून सरांनी स्वतःचा फोन काढला आणि आईशी झालेलं बोलणं उघडलं. चष्मा कपाळावरून आपोआप खाली आला.

मी वाकून पाहिलं. तो मेसेज तिथे होता. त्यांनीच पाठवलेला. लालबागच्या कुणीतरी त्यांना तो दिला होता आणि सवयीप्रमाणे त्यांनी तो गिरणगावातल्या ओळखीच्या माणसांना विचारायला धाडला होता; त्यांत आईही होती हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मूळ वस्तू जशीच्या तशी दाखवायची, तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. त्याखाली, वेगळं, लिहिलं होतं, 'हा तुमच्याकडे आला आहे का? कुणाकडून? कृपया उघडू नका.' आईने वरचं वाचलं होतं. अक्षर अक्षर लावत, घर हा शब्द गाठला, आणि खाली ती गेलीच नाही. एवढ्या वर्षांनी घराची बातमी, आणि पाठवणारे कोण, तर पेपरवाले!

"तुम्ही सांगितलं का नाही वहिनी?" सरांनी विचारलं.

आई जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमचां पुस्तक येवचां असा ना. लोक काय म्हणतले? माझां काय, माका कोण वळाकता?"

मला तिच्या त्या बोलण्याने इतकं भरून आलं की मी उगाच उठून चहाचं आधण ठेवलं. सरांना तिथेच थांबता आलं असतं. माळ आईपाशी संपत होती, आई तोंड उघडणार नव्हती, आणि मी त्यांचीच पुस्तकं जुळवणारी बाई. पण ते उठले, दार सताड उघडलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

"सगळ्यांनी जरा या," ते म्हणाले. "पहिलं तोंड सापडलं. ते माझं आहे."

बाया जमल्या. सरांनी फोन सगळ्यांना दाखवला, आपण काय केलं ते सांगितलं. सारवासारव नाही. टाळांची पिशवी नेणारी बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुम्हीच असं केलंत तर आता आम्ही विश्वास ठेवायचा कुणावर?"

"माझ्यावर ठेवू नका," सर म्हणाले. "मी सांगितलं तरी विचारा, कुणी सांगितलं. वहिनींनी एवढंच नाही विचारलं, आणि ते मीच त्यांना कधी शिकवलं नाही. पुस्तकं लिहीत बसलो."

मग पुढचे कितीतरी दिवस ते त्या बायांबरोबर पोलीस ठाण्यात आणि बँकांच्या रांगांत उभे होते. तक्रार लवकर गेल्यामुळे काहीजणींचे पैसे वाटेतच अडले आणि परत आले. सगळ्यांचे आले नाहीत, ते मी लपवत नाही. इकडे आमच्या मालकांच्या डोक्याला मात्र नवा ताप. सरांनी छपाई थांबवली आणि लग्नपत्रिकांच्या पाठीवर नवं पहिलं प्रकरण लिहून आणलं. त्यात ही सगळी हकिगत, स्वतःच्या चुकीसकट. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, सायबर तज्ज्ञ म्हणून तुमचं नाव मी मुखपृष्ठावर घातलंय आणि आत तुम्हीच तुमची अब्रू काढताय!" सर म्हणाले, "मग मुखपृष्ठ बदला."

झालं भलतंच. ते प्रकरण वाचून माणसं छापखान्यात यायला लागली. निवृत्त शिक्षक, नर्सबाई, दादरचा एक वकील. वकील! घरात बायकोलाही न सांगितलेली गोष्ट ते सरांना सांगायचे, कारण इथे आधीच एक फसलेला माणूस बसलेला होता. लाजेपोटी गप्प बसलेली एवढी माणसं असतील याची मला कल्पना नव्हती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मग तक्रारी केल्या.

आणि आमच्या खोलीतल्या खिळ्यावर पिशवी परत आली. जिने नेली तिनेच आणून टांगली. बोलली काही नाही, पण त्या संध्याकाळी भजन आमच्याकडे झालं आणि आईने इतक्या जोरात टाळ वाजवले की मला तो डबा घासण्याचा आवाज आठवला.

त्यानंतर सर दमले. वयही झालं होतं. कोकणात गावी जाऊन राहिले. तिथे फोनला रेंज मिळायची तर आंब्याच्या झाडाखालीच, आणि तेही वारा मनासारखा असला तर.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्या फोनवर मालकांकडून फोटो आला. सर, गळ्यात मोठा हार, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. गावी फोन लावला, लागेना. मी तशीच आईकडे गेले. तिला फोनवर सांगायचं नव्हतं. मंडळ जमलेलंच होतं. मी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "आई, सर गेले गं."

आईने माझ्याकडे पाहिलं. "तुका कोणी सांगल्यान?"

"आई, ही काय विचारायची वेळ आहे?"

"कोणी सांगल्यान ता सांग, चेडवा. रड मागाहून."

मालकांनी, असं मी म्हटलं. आईने माझ्याच फोनवरून मालकांना लावायला लावलं. मालकांना दादरच्या एका वाचनालयातून आला होता. मंडळातल्या एकीची सून दादरला, तिला धावत वाचनालयात पाठवलं. वाचनालयाला एका वार्ताहराकडून. त्या वार्ताहराचा नंबर मी शोधला, बोलल्या बाया. एकीने विचारलं, "तुमी सोता पायलात काय?" तो गडबडला. त्याने कुणाच्या तरी स्टेटसवरचा फोटो पाहिला होता आणि श्रद्धांजली हा शब्द स्वतः घातला होता. स्टेटस कुणाचा? आमच्या बाइंडरचा!

मी त्याला फोन केला. तो छापखान्यात खळ लावत बसला होता. "मी कुठं मारला त्यांना, ताई?" तो घाबरून म्हणाला. "आज बड्डे ना सायबांचा! मागं सत्कार झालेला, तो हारवाला फोटो लावला आणि खाली हात जोडलेलं चित्र. दर वर्षी लावतो. बोंबील द्यायला सायब नाय म्हणून वाईट वाटलं, म्हणून हात जोडले."

हार घातलेला फोटो आणि जोडलेले हात. आपल्याकडे माणूस मरायला आणखी काय लागतं!

मग सगळ्याच हसल्या, मी रडत रडत हसले, पण आईची खात्री पटेना. तिने सरांच्या गावातल्या दुकानदाराला, त्याच्या दुकानातल्या जुन्या लँडलाइनवर, फोन लावून घेतला, आणि तो सायकलवरून सरांकडे 'आंब्याखाली येऊन फोन करा' असा निरोप घेऊन गेला. दुपारी सरांचा फोन आला. आईने स्पीकर लावला.

"काय वहिनी?"

"तुमी गेलात असां सांगतत."

"कुणी सांगितलं?"

सगळ्याजणी इतक्या मोठ्याने ओरडल्या की पलीकडे त्यांनी फोन कानापासून लांब धरला असणार. आई मात्र गंभीर होती. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक दार सांगितलं, एकही न चुकता. "आणि शेवटाक," ती म्हणाली, "तुमच्याच दारात येवन पोचलंव. ह्या पण पहिलां तोंड तुमचांच. खोटो वाढदिवस कोणी सांगितलो होतो त्याका?"

मग सर म्हणाले, "वहिनी, आता पुस्तक तुम्हीच लिहा." त्यांचा आवाज ओला होता, रेंजचा दोष नव्हता तो.

"ता ऱ्हवांदे," आई म्हणाली. "खरो वाढदिवस कधी ता सांगा. म्हणजे पुढच्या टायमाक कोणी मारल्यान तर आमका कळात."

"स्पीकर बंद करा," सर म्हणाले.

आईने तो बंद केला, फोन कानाशी नेला, नीट ऐकलं. "बरां," म्हणाली आणि ठेवून दिला. ज्या माणसाने मला, मालकांना, बाइंडरला आयुष्यभर खोट्या तारखा दिल्या, त्याने आमच्या आईला खरी सांगितली.

मी विचारलं, "कधी गं आहे?"

आईने टाळांची पिशवी ओढून घेतली, एकेक जोडी बायांपुढे सरकवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरीचां नाव पासवर्डाक ठेवतंस तू. तुका सांगूचां नाय."